जाऊबाईंचे स्पॉन्सर

गप्प बसणाऱ्या माणसाकडे किस्से फार जमतात. बोलणाऱ्याचे बोलण्यात खर्च होऊन जातात. गप्प माणसाकडे मात्र ते किनाऱ्यावरच्या चपलांसारखे येऊन पडतात. जोडी नसते, मालक नसतो, पण रोज सकाळी एक नवी पडलेलीच असते!

मी सासरी आले वैशाखात. आमचं गाव किहीमच्या थोडं पुढे. घर कोळीवाड्यात, समुद्राच्या इतकं जवळ की भरतीच्या वेळी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. घरात सासूबाई, सासरे, मोठे दीर, मोठ्या जाऊबाई आणि आम्ही दोघं. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका कंपनीत. तो शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्यामुळे हिशेबच केला तर माझं लग्न जास्त करून जाऊबाईंशीच झालं आहे.

जाऊबाईंचं नाव दर्शना. मी त्यांना दर्शनाताई म्हणते. त्या सकाळी बाजारात मासे विकतात आणि संध्याकाळी पॉवरलिफ्टिंग करतात. यंदा त्या राज्यात पहिल्या आल्या आणि त्यांची नॅशनलला निवड झाली. निवडीबरोबर संघटनेकडून शुभेच्छा आल्या. बाकी सगळं, म्हणजे रेल्वेचं तिकीट, प्रवेश फी, राहणं, ड्रेस, बूट, हे ज्याचं त्याने बघायचं होतं. आणि आमच्या घरातला पैसा त्याच महिन्यात बोटीच्या नव्या इंजिनात गेला होता. इंजिन घेतलं नसतं तर दिरांना घरी बसावं लागलं असतं, आणि ते घरी बसले की बाकी कोणाला बसवत नाही.

दर्शनाताई याबद्दल एकदाच बोलल्या. सुरमई कापत होत्या. “यंदा न्हाय जमला तं पुढं कोन विचारतंय मला,” म्हणाल्या, आणि पुढची सुरमई ओढली. त्या दिवसापासून आमच्या घराने स्पॉन्सर शोधायला घेतला. शोधात काय काय सापडलं ते सांगते. पहिला किस्सा तेवढा त्याच्या आधीचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय दर्शनाताई कळायच्या नाहीत.

*

माझ्याबरोबर माहेरहून एक लोखंडी कपाट आलं होतं. वडिलांनी पनवेलला स्वतः उभं राहून घेतलेलं, आरशासकट. टेम्पोतून ते अंगणात उतरलं, पण वरच्या खोलीचा जिना अरुंद निघाला. माझे दोन्ही मामा, चुलतभाऊ आणि टेम्पोवाला कपाटाभोवती उभे राहिले आणि चर्चा सुरू झाली. दोर आणावा का? उभं न्यावं की आडवं? धाकट्या मामांचं मत पडलं की आधी जिन्याचं माप घ्यावं. मोठे मामा म्हणाले, आधी चहा घ्यावा.

तेवढ्यात आतून एक बाई पदर खोचत आल्या. “जरा सरका हां,” म्हणाल्या, कपाट पाठीवर घेतलं आणि वर निघून गेल्या. वरून आवाज आला, “आरसा खिडकीकडं ठेवू का दाराकडं?”

खाली मामांच्या हातातले कप तसेच राहिले.

निघताना वडिलांचे डोळे भरून आले. सगळ्यांना वाटलं, लेकीला सासरी सोडून चालले म्हणून. त्यांनी मला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाले, “बाळा, जाऊशी कधी भांडू नकोस हं.”

*

स्पॉन्सर म्हणून पहिला नंबर सासऱ्यांचा लागला. ते आयुष्यभर बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. घरात त्यांना शब्द नाही, पण पोस्टात थोडे पैसे आहेत. “आधी बघतो, मंग देतो,” असं म्हणून ते सुनेबरोबर जिमला गेले.

जिम म्हणजे एक जुनी पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे मिठाची पोती ठेवत. सासरे कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि संध्याकाळभर बघत राहिले. दर्शनाताईंनी वजन उचललं, धरलं, खाली ठेवलं. परत उचललं, परत ठेवलं.

घरी जेवताना त्यांनी विचारलं, “पोरी, यवढा उचललास. न्यायचा कुठं व्हता?”

कुठेच न्यायचं नसतं, दर्शनाताईंनी समजावलं. उचलायचं, दाखवायचं, परत तिथंच ठेवायचं.

“तितंच?”

“तितंच, बाबा.”

सासऱ्यांचं जेवणावरून लक्ष उडालं. पैसे त्यांनी दिले, पोस्टातले बरेचसे दिले, त्यातून बूट आले. पण माणूस अस्वस्थ. सकाळी ओट्यावर सासूबाईंना हळूच सांगताना मी ऐकलं, “तिच्या जिमच्या सरला जाऊन विचार. कुठं न्यायचा ता सांगायला इसरला असंल.”

*

मग सत्कार सुरू झाले. ग्रामपंचायत, शाळा, तरुण मंडळ, पतसंस्था. सगळीकडे पद्धत एकच: एक शाल, एक नारळ आणि भाषण. आमच्या अंगणात नारळ डोक्यात पडू नये म्हणून आम्ही वर बघत चालतो. त्या घरात दर आठवड्याला एक नारळ वाजतगाजत यायला लागला. आणि शाल! दमट हवेत, ऑक्टोबरात, आमच्या किनाऱ्यावर. दर्शनाताईंना वजन उचलताना जेवढा घाम येत नाही तेवढा सत्कारात यायचा.

प्रत्येक पाहुणा म्हणायचा की आम्ही दर्शनाताईंच्या पाठीशी खंबीरपणे उभे आहोत. मग फोटोच्या वेळी सगळे त्यांच्या पुढे उभे राहायचे.

सासूबाईंनी महिनाभर हे सहन केलं. मग एक दिवस त्या शाल पिशवीत घालून अलिबागला गेल्या. सत्काराचं सामान विकणारं तिथे एक दुकान आहे. दुकानदार सवयीचा होता. त्याने शाल झटकून बघितली आणि निम्म्या भावात परत घेतली. सासूबाईंना धंदा आवडला.

पुढच्या आठवड्यात पतसंस्थेचा सत्कार होता. आम्ही पहिल्या रांगेत. चेअरमननी शाल उलगडली, आणि सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. शालीच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता. आमच्याच स्वयंपाकघरातला. “आपलीच,” त्या समाधानाने म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाल परत अलिबागला.

त्याच शालीवर दर्शनाताईंचे गुडघ्याचे पट्टे निघाले.

पुढे शाळेत सत्कार झाला. शिक्षण समितीचे अध्यक्ष आमदारांची वाट बघून दमले होते. आमदार आले नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच शाल उघडली आणि पोरांकडे बघत खांद्यावर टाकायला हात वर केले. पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या, “साहेब, जरा उलटी टाका. त्या अंगाला डाग हाय.”

*

नंतर माझ्या नवऱ्याने मनावर घेतलं. न्हावा शेव्याच्या त्यांच्या कंपनीत समाजकार्यासाठी दरवर्षी काही पैसे बाजूला काढतात. त्या खात्याच्या साहेबांना तो भेटला. साहेब भला माणूस. मदत करायची त्यांची मनापासून इच्छा होती, फक्त कोणत्या सदरात करायची ते कळेना. शिक्षणात बसत नव्हतं. आरोग्यात बसवावं, तर दर्शनाताईंना काही झालेलं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, पर्यावरणात अजून शिल्लक आहे, मॅडमना वृक्षारोपणाला आणा, पुढचं मी बघतो.

मी आणि दर्शनाताई गेलो. मांडव होता, बॅनर होता, आणि टेबलावर काळ्या पिशवीत करंजाचं एक रोप होतं. वीतभर. फोटोसाठी सगळेच साहेब पुढे आले. प्रत्येकाने पिशवीला हात लावला. जागा पुरेना तेव्हा एकाने पानाला लावला. फोटोग्राफर म्हणाला, “मॅडम, ताकदीचा विषय आहे, जरा जोर लावल्यासारखं करा.” दर्शनाताईंनी दात आवळले. ते बघून साहेबांनीही आवळले. एकाच्या कपाळावर शीर दिसायला लागली.

तो फोटो कंपनीच्या मासिकात आला आहे. त्यात अर्धा डझन साहेब आणि राज्याची एक विजेती मिळून एक रोपटं उचलताहेत.

आम्हाला एक टोपी मिळाली आणि करंज मिळाला. मंजुरी काही मिळाली नाही, वरच्या ऑफिसने सदर विचारलं. येताना बसमध्ये दर्शनाताईंनी मांडीवरचं रोप एका बोटाने वर उचललं. मग म्हणाल्या, “राज्याला मी यकटीनंच उचलला व्हता गो.”

*

जेट्टीवरचे बर्फवाले शेठ आम्हाला नाही म्हणू शकत नव्हते, कारण आमची बोट त्यांचं जुनं गिऱ्हाईक. पण रोख रक्कम म्हटल्यावर त्यांना खोकला आला. “बर्फ सांगा. पाहिजे तेवढा सांगा,” म्हणाले.

घरी सगळे हिरमुसले, पण दर्शनाताईंचे कोच खूश झाले. मोठे मोठे खेळाडू म्हणे सरावानंतर बर्फात बसतात, अंग मोकळं होतं. लगेच दिरांनी मासळीची मोठी पेटी अंगणात आणली, बर्फ फोडून भरला, आणि दर्शनाताई गळ्यापर्यंत आत बसल्या. डोळे मिटून, चेहरा देवीसारखा शांत.

सासूबाई दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. एवढा बर्फ, आणि त्यात एकटं माणूस! कोळ्याच्या घरातल्या बाईला हे बघवत नाही. तिसऱ्यांदा आल्या त्या टोपली घेऊनच, आणि दर्शनाताईंच्या दोन्ही बाजूंनी पापलेटं लावून गेल्या.

नेमकं त्याच वेळी किहीमच्या कॉटेजमध्ये उतरलेलं एक जोडपं मासे विचारत आलं. सासूबाईंनी पेटीकडे हात केला. “बघा, ताजा हाय. आताच ठेवलाय.” दोघं वाकले. पापलेटांच्या मधोमध एक डोकं होतं, केसाला क्लिप लावलेलं.

बाई मागे सरकल्या. नवऱ्याने जरा घाबरतच विचारलं, “आणि... ह्या?”

“ती न्हाय इकायची,” सासूबाई म्हणाल्या. “ती घरची हाय.”

*

स्पर्धेसाठी अंगाला घट्ट बसणारा एक ड्रेस लागतो. बाजारात महाग पडतो. ही गोष्ट नसीमभाभींच्या कानावर गेली. नसीमभाभी पलीकडच्या मोहल्ल्यात राहतात. नवरा कुवेतला आहे, आणि गावातले निम्मे ब्लाउज त्यांच्या मशीनवरून उतरतात. त्या टेप घेऊन स्वतः घरी आल्या. कापड माझं, शिलाई माझी, आणि पैशाचं नाव काढलंस तर या घरात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं. मोबाइलवर ड्रेसचा फोटो बघितला तेव्हा “या अल्ला, एवढाच?” म्हणाल्या. पण कापड किती कमी लागणार ते लक्षात आल्यावर कौतुकाने मान हलवली.

ड्रेस असा झाला की कोच सर बघतच राहिले. शिवण पक्की, ताण बरोबर. उलटून पालटून बघता बघता त्यांचा हात एका जागी थांबला. मांडीपाशी खिसा होता.

खिसा चालत नाही, सर म्हणाले. नियम आहे.

नसीमभाभींनी कात्री टेबलावर ठेवली. जन्मात पहिल्यांदा बाईच्या कपड्याला धड खिसा शिवला, आणि तोच काढायचा? कोणी केला हा नियम? पुरुषानेच केला असणार!

“पण भाभी,” सर काकुळतीला आले, “वजन उचलताना खिशात ठेवणार काय?”

“घराची चावी,” नसीमभाभी म्हणाल्या. “घर काय उघडं टाकून जायचं तिने?”

 स्वतःच्या पँटच्या खिशातली जिमची चावी सरांनी नकळत चाचपली.

*

दिवाळी आली. बूट झाले होते, पट्टे झाले होते, खिसा उसवलेला ड्रेस झाला होता. राहिली होती फी आणि जायचं-यायचं तिकीट, म्हणजे खरा खर्च सगळाच. भाऊबीजेला संध्याकाळपर्यंत फी भरायची शेवटची मुदत होती. सकाळपासून सरांचे फोन येत होते. दिरांची बोट समुद्रात, सासऱ्यांचं पोस्ट बंद. दुपारी दर्शनाताईंनी फोन बंद करून कनवटीला लावला. “ऱ्हाऊं दे आता,” म्हणाल्या आणि जवळ्याची बारीक कोळंबी वाळत घालायला किनाऱ्यावर निघाल्या. मागोमाग सासूबाई आणि मी. त्या दुपारी तिघींपैकी कोणी काही बोललं नाही. माझं ठीक आहे, पण सासूबाईही.

आमच्या किनाऱ्यावर गाडी आणायला मनाई आहे. तसा बोर्ड आहे. पर्यटक तो वाचतात, पण गाडी रुतल्यावर वाचतात. मग गावातला ट्रॅक्टरवाला येतो, दोर लावतो आणि गाडी ओढून काढतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याची शेतीपेक्षा किनाऱ्यावर जास्त कमाई होते. त्या दिवशी मात्र तो बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेला होता. ट्रॅक्टरवर बसून!

आणि एक गाडी रुतली. गाडी अगदी छोटी, आतली माणसं अवाढव्य. चौघे तरुण, मुंबईचे, अंगात जिमचे बिनबाह्यांचे टीशर्ट, दंड असे की हात अंगाला टेकत नव्हते. ते ढकलत होते, चाकं फिरत होती, गाडी खाली चालली होती. जॅक लावला तर तोही वाळूत गेला. आणि समुद्राला भरती.

त्यातला एक धावत आमच्याकडे आला. “मावशी, इकडे ट्रॅक्टर भेटेल काय?”

सासूबाईंनी सांगितलं, आज न्हाय भेटायचा.

“मग दुसरं काय?”

सासूबाईंनी जवळा पसरणाऱ्या दर्शनाताईंकडे बघितलं. “सून हाय.”

तो सभ्य मुलगा होता, म्हणून हसला नाही. म्हणाला, मावशी, आम्ही चौघं रोज जिम मारतो, आमच्याने हलली नाही.

“दिसतंय ना,” सासूबाई म्हणाल्या, आणि रक्कम सांगितली.

रक्कम ऐकून बाकीचे तिघेही आले. एवढे कुठे असतात का मावशी, निम्मे घ्या. सासूबाई माशांच्या बाजारात वाढल्या आहेत. त्या समुद्राकडे बघत बसल्या. एक लाट आली आणि मागच्या चाकाला लागून परत गेली. मग चौघे पाऊणवर आले. दुसरी लाट चाकाच्या पुढे गेली. मग म्हणाले, ठीक आहे, तुमचं खरं, मघाशी सांगितले तेवढे देतो.

सासूबाईंनी त्याहून मोठा आकडा सांगितला.

“अहो मावशी, मघाशी कमी होते!”

“मघाशी पानी लांब व्हता.”

दर्शनाताई उठल्या. काष्टा घट्ट केला, कोरडी वाळू दोन्ही तळहातांना चोळली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. एकाला आत स्टिअरिंगवर बसवलं. तिघांना गाडीच्या एका अंगाला लावलं. माझ्या हातात झावळ्या दिल्या, चाक सुटलं की खाली सारायच्या.

“आणि या साईडला कोण?” एकाने विचारलं.

“मी हाय की.”

त्या वाकल्या, पाठ सरळ केली, पोटात श्वास भरला. आमच्या बाजूचं चाक वाळूतून सुटून वर आलं. मी झावळ्या सारल्या. पलीकडे तिघे लाल झाले होते आणि चाक जागचं हललं नव्हतं. दर्शनाताई गाडी तशीच धरून होत्या. मान वळवून त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमचा झाला का?”

मग त्या पलीकडे गेल्या, तिघांना जरा सरकायला सांगितलं आणि तेही चाक सोडवलं. गाडी झावळ्यांवरून घरंगळत कोरड्या वाळूत आली. तिघे तिथेच बसले. लाटेने त्यांची पँट भिजवली तरी उठले नाहीत.

स्टिअरिंगवरचा मुलगा खाली उतरला. त्याने आधी चाकाकडे बघितलं, मग दर्शनाताईंच्या हातांकडे. पुढे होऊन त्यांना वाकून नमस्कार केला.

“मजाक नाही करत, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही खरंच नॅशनलला जायला पाहिजे.”

“जाईल की,” सासूबाई म्हणाल्या, आणि जवळा लागलेला हात पुढे केला.